कुठले बैतार?

अम्मान, १६ फेब्रुवारी १९९७

श्री. शुक्री अल-बैतार यांना सलाम.

आपण मला ओळखत नाही. मी लमीस अल-बैतार. अम्मानमध्ये नकाशे तयार करणाऱ्या एका कार्यालयात सर्वेक्षण अभियंता आहे. आपला पत्ता मला अलेक्झांड्रियाच्या टेलिफोन डिरेक्टरीत मिळाला.

फावल्या वेळात मी आपल्या आडनावाचा नकाशा करते आहे. बैतार म्हणजे जनावरांची दुखणी बघणारा आणि त्यांना नाल ठोकणारा. शब्द मुळात ग्रीकांचा, आपल्याकडे येऊन अरबी झाला. जिथे वाटा एकत्र येतात, ओझी उतरतात, जनावरं बदलली जातात, तिथे बैतार लागायचाच. माझ्याकडच्या डिरेक्टरीही तेच सांगतात: दमास्कस, नाब्लुस, बैरूत, नाईलच्या मुखाकडची शहरं, इथे ठिपके दाट, डोंगरात विरळ. मुसलमान बैतार आहेत, ख्रिस्तीही आहेत. माझा निष्कर्ष असा की हे एका घराण्याचं नाव नाही. प्रत्येक बाजाराने आपापला बैतार तयार केला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आपलं घराणं अलेक्झांड्रियात कधीपासून आहे? घरात कोणी हा धंदा केला होता का? आणि आपल्या घरात वडीलधारे पुरुष कोण कोण आहेत, व ते प्रवास करू शकतात का?

उत्तर दिल्यास आभारी राहीन.

लमीस अल-बैतार


अलेक्झांड्रिया, २ मार्च

इंजिनिअरबाई, तुलाही सलाम आणि तुझ्या ठिपक्यांनाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी बहीण इन्साफ मसूर निवडत होती. म्हणाली, "जॉर्डनहून? तुला? कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही, एका पोरीला आपले आजोबा-पणजोबा हवेत." "मग देऊन टाक," ती म्हणाली, "इथे कोणाला लागतायत?"

तर घे. आमचे पणजोबा कापसाच्या गोदामांपाशी नाल ठोकायचे. गोदामांच्या गाड्या ओढणारे घोडे सगळे त्यांच्याकडे. आजोबांनीही तेच केलं. मग लॉऱ्या आल्या, घोडे गेले, आणि वडील ट्रामवर लागले. मीही ट्रामवरच. तिकीट तपासनीस. पणजोबांच्या आधीचं मला सांगता यायचं नाही.

वडीलधारे म्हणशील तर मी एकटाच. वय चौऱ्याहत्तर. दात स्वतःचे, गुडघे मात्र भाड्याचे असल्यासारखे वागतात.

आता माझा प्रश्न. फुकट्या प्रवासी खोटं बोलताना कुठे बघतो, हे ओळखण्यात माझी हयात गेली. तुझे पहिले दोन प्रश्न नकाशाचे आहेत. तिसरा नाही. म्हातारा प्रवास करू शकतो की नाही, हे नकाशाला कशाला लागतं? म्हणजे लग्न आहे. आणि ते तुझं आहे. मुलगा कोण? कमावतो का? तुझ्याहून उंच आहे ना? इन्साफ विचारतेय.

शुक्री


अम्मान, १५ मार्च

श्री. शुक्री यांना सलाम.

आपला अंदाज अर्धा बरोबर आहे. लग्न आहे, माझं नाही. माझा भाऊ सैफ याचं. तो एका रुग्णालयात एक्स-रे काढतो. मुलगी रीमा अस-सक्का, तिथेच औषधं देते. दोघांचं ठरलेलं आहे. ठरायचं आहे ते तिच्या आजोबांशी, अबू गस्सान यांच्याशी.

पहिल्या भेटीत त्यांनी सैफला विचारलं, "कुठले बैतार?" सैफ म्हणाला, "याफाचे." "याफाचे कुठले?" पुढे त्याला सांगता येईना. आमचे आजोबा निर्वासित होऊन याफाहून इथे एकटे आले. वडील त्यांचे एकुलते. आता दोघंही नाहीत. मामा आहेत, पण ते दुसऱ्या आडनावाचे. अबू गस्सान म्हणाले, "नाव आहे तर त्या नावाची माणसंही असतील. ती घेऊन ये. उद्या तुमचं दोघांचं वाजलं तर मी बोलायचं कोणाशी? तुझ्या एक्स-रेच्या यंत्राशी?"

सक्का म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. ही माहिती केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून.

मागणी घालायला वडीलधाऱ्यांची जी जाहा जाते, तिच्यासाठी मला बैतार हवे आहेत. दमास्कसचे एक निवृत्त मास्तर आणि झर्क्याचे एक गॅरेजवाले यायला तयार झाले आहेत. आपण याल का? प्रवासाची व्यवस्था आम्ही करू.

एक अट आहे. आपण आमचे नातेवाईक आहात असं म्हणायचं नाही. ते सिद्ध होत नाही. "आम्ही या नावाचे आहोत," एवढंच म्हणायचं.

लमीस


अलेक्झांड्रिया, २८ मार्च

इंजिनिअरबाई,

घोर निराशा केलीस. इन्साफने तुझ्यासाठी उशांचे अभ्रे भरतकामाला घेतले होते. आता म्हणते, भावजयीला होतील.

येतो. पण तुझे हे अबू गस्सान मला समजले नाहीत. यांचे पूर्वज पखाली वाहायचे, आमचे घोड्यांचे पाय धरायचे. घोडा नाल ठोकून झाल्यावर पाणी कोणाकडचं प्यायचा? दोघं एकाच बाजारात, शेजारी शेजारी बसून एकमेकांना शिव्या देत असणार. आणि आता हा विचारतोय, कुठले बैतार!

लिहू नये, पण लिहितो: सैन्यातून सुटून आल्यापासून मी शहराबाहेर मुक्काम केलेला नाही. इन्साफ म्हणते, "तू कैरोच्या स्टँडवरच हरवशील." तेव्हा सगळं लिहून पाठव. कुठली बस, कुठला कोट, कधी उठायचं, कधी बसायचं. मला ट्राम कळते. जाहा कळत नाही.

शुक्री


अम्मान, १० एप्रिल

श्री. शुक्री यांना सलाम.

मागितल्याप्रमाणे सूचना.

कैरोहून नुवैबाची बस घ्यावी, तिथून अकाब्याची बोट. धक्क्यावर सैफ असेल. तो उंच आहे आणि कायम घाबरलेला दिसतो. जाहा शुक्रवारी, २ मे रोजी, दुपारनंतरच्या नमाजानंतर. कोट गडद रंगाचा. टाय नसला तरी चालेल. आत जाताना आणि बसताना वयाचा क्रम पाळला जातो. बोलण्याचं काम दमास्कसच्या मास्तरांकडे आहे, त्यांनी भाषण तयार केलं आहे. बाकीच्यांनी गंभीर दिसायचं. यजमानांनी पुढे केल्याशिवाय सिगारेट नाही. राजकारण आणि रीमाच्या वडिलांचा दुसरा संसार हे दोन विषय काढायचे नाहीत. काही विचारलं तर खरं सांगायचं, विचारलं नाही तर काहीच सांगायचं नाही. त्याच संध्याकाळी सैफ आपल्याला परतीच्या बसमध्ये बसवून देईल.

यात सगळं आलं आहे. मी दोनदा तपासलं.

लमीस


अलेक्झांड्रिया, ८ मे

इंजिनिअरबाई, मुबारक, मुबारक!

घरी सुखरूप पोचलो. इन्साफला अजून खरं वाटत नाही. तुझ्या आईला माझा सलाम सांग आणि मी आणलेल्या खारवलेल्या माशांची बरणी उघडी ठेवू नका म्हणावं. तिकडे येताना बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस सुवेझलाच उतरला. त्याला पुढे जायचं होतं.

काय देखणा समारंभ झाला! मास्तर म्हणाले, "आपण वयाने थोर, आपण इथे बसा," आणि मला थेट मधल्या खुर्चीत बसवलं. एवढा मान मला ट्रामवाल्यांनी निरोप दिला तेव्हाही मिळाला नव्हता. कॉफीही सगळ्यांच्या आधी मला. आणि काय कॉफी! वेलदोडा असा सढळ हाताने! मी एका दमात संपवली आणि मोठ्याने म्हटलं, "ज्या हातांनी केली ते हात सुखी राहोत!" सगळे एकदम गप्प. घरंदाज माणसं, उगाच खळखळून हसत नाहीत. मास्तर बिचारे भाषणच विसरले. कागद खिशातून काढला आणि परत ठेवला. मग अबू गस्सान बराच वेळ ऑलिव्हच्या पिकाबद्दल बोलले. माणूस जाणकार आहे.

फक्त सरबत आलं नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे "आलात, बसा." होकार झाला की कुराणातली फातिहा म्हणतात आणि सरबत फिरतं. मी म्हटलं, तुमच्याकडे मागाहून देत असतील. तर लग्नाची तारीख कळव. इन्साफचा दुसरा अभ्रा अर्धा झाला आहे.

शुक्री


अम्मान, २० मे

श्री. शुक्री अल-बैतार यांना सलाम.

तारीख नाही. होकार मिळालेला नाही.

आमच्याकडे जाहा बसली की कॉफी येते. मधल्या खुर्चीतला माणूस ती पीत नाही. कप समोर ठेवतो. यजमान म्हणतात, "कॉफी घ्या." तो म्हणतो, "आमचं एक मागणं आहे. ते मिळालं की घेऊ." मग मागणी सांगतात. होकार असेल तर यजमान म्हणतात, "घ्या कॉफी, मागितलंत ते दिलं." कप आधीच रिकामा झाला, तर मागायचं काही नव्हतं असा त्याचा अर्थ होतो. मास्तर भाषण विसरले नव्हते. भाषणाला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अबू गस्सान सैफला म्हणाले, "मंडळी पाहुणचाराला आली होती. पाहुणचार झाला." पुन्हा माणसं आणू का, असं त्याने विचारलं. ते म्हणाले, "आणखी बैतार? किती छापलेत?"

त्या संध्याकाळी आपल्याला कोणी काही बोललं नाही, कारण पाहुणा बोटीत बसेपर्यंत एक शब्द काढायचा नाही असं आईने बजावलं होतं. मी काढला नाही.

सैफने अबू धाबीला नोकरीसाठी अर्ज केला आहे. बोलावणं आलं तर ऑगस्टमध्ये जाईल, आणि मग हा विषय संपेल. रीमा अजून वाट बघते आहे. किती दिवस बघेल ते मला माहीत नाही.

बरणी बाल्कनीत आहे.

लमीस


अम्मान, १७ जून

श्री. शुक्री यांना सलाम.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. ते अपेक्षितच होतं.

मी आपल्याला पाठवलेल्या सूचनांची प्रत पुन्हा वाचली. तीत कोट आहे, सिगारेट आहे, रीमाच्या वडिलांचा दुसरा संसारही आहे. कॉफी नाही. ती लिहावी लागते हे मला सुचलं नाही, कारण इथे ती कोणालाच सांगावी लागत नाही. आपण तर स्पष्ट लिहिलं होतं की जाहा कळत नाही. तेव्हा चूक आपली धरता येत नाही. मागच्या पत्रात मी ती आपली धरली होती.

सैफला अबू धाबीहून बोलावणं आलं आहे. उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती, ती त्याने जुलैच्या मध्यापर्यंत वाढवून घेतली. का ते सांगत नाही.

आपल्याला लिहायचं नसेल तर हरकत नाही. प्रकृती बरी आहे एवढं इन्साफबाईंनी कळवलं तरी पुरे.

लमीस


अकाबा, ६ जुलै

पोरी,

तुझ्या दोन्ही पत्रांना हे एकच उत्तर. बोट सुटायला वेळ आहे, आणि मी धक्क्यावर सावली धरून बसलोय. अम्मानला जाऊन आलो. तुमच्याकडे फिरकलो नाही, राग धरू नकोस. तुझ्या आईने जेवायला वाढलं असतं, आणि मी समोर आलेलं खाल्लं-प्यायलं की काय होतं ते आपण पाहिलंय.

तुझं मे महिन्याचं पत्र मी इन्साफला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तू पोराचं लग्न पिऊन आलास?" त्या दिवसापासून घरात मला कॉफी बंद. चहा मागितला तरी म्हणायची, "थांब, कोणाचं काही मोडत नाही ना ते आधी विचार." असा महिना काढला आणि बस पकडली.

अबू गस्सानचं रास-अल-ऐन मोहल्ल्यातलं दुकान शोधायला त्रास पडला नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि पंप. पखाल सुटली, पाणी सुटलं नाही! मला बघून म्हणाला, "तू? कॉफीवाला?"

"मीच."

त्याने कॉफी ओतली. मी कप पंपाच्या खोक्यावर ठेवला.

"घे," तो म्हणाला.

"माझं एक मागणं आहे."

"मे महिन्यात नव्हतं?"

"होतं. पण मी अलेक्झांड्रियाचा. आमच्याकडे सरबताने ठरतं."

"सरबताने लग्नं ठरतात?" तो म्हणाला. "तरीच तुमच्याकडे एवढी माणसं."

मग गिऱ्हाईक आलं. एक टाकी गेली. माझी कॉफी गार झाली. त्याने ती ओतून दिली आणि दुसरी दिली. तीही मी ठेवली. आम्ही नमाजाला गेलो, परत आलो. तिसरी दिली. इतका वेळ वेलदोड्याचा वास घेत बसणं काय असतं, ते तुझ्या मास्तरांना विचार. शेवटी त्याने स्टूल ओढलं. "बरं, आता सांग. कुठले बैतार?"

तू म्हणाली होतीस, विचारलं तर खरं सांगायचं. मी सांगितलं. तुला लिहिलं नव्हतं ते त्याला सांगितलं. पणजोबांच्या आधीचं सांगता यायचं नाही असं मी लिहिलं होतं ना? ट्राममध्ये असं उत्तर देणाऱ्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं. आमचे पणजोबा बैतार नव्हतेच. गोदामांपाशी सापडलेलं बेवारशी पोर. एका म्हाताऱ्या नालबंदाने घोड्यांचे पाय धरायला ठेवून घेतलं. त्याला मूलबाळ नव्हतं. तो गेला, दुकान राहिलं, लोक "बैतारकडे जाऊन येतो" म्हणत राहिले. त्यांच्या म्हणण्याने पणजोबा बैतार झाले.

अबू गस्सान म्हणाला, "म्हणजे तू त्या सैफचा कोणी नाहीस."

"नाही. त्याच्या बहिणीने तर तसं म्हणायलाही बंदी केलीय."

"आणि तू बैतारही नाहीस."

"रक्ताने नाही."

"मग दोनदा बोटीत बसून कशाला आलास?"

"पहिल्यांदा बोलावलं म्हणून. दुसऱ्यांदा पिऊन गेलो म्हणून."

तो उठला, एका टाकीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "उद्या त्या दोघांचं वाजलं, तर मी बोलू कोणाशी?"

"माझ्याशी."

"अलेक्झांड्रियात जाऊन?"

"मी येईन की. आत्ता नाही का आलो?"

पोरी, मला वाटतं माणूस इतके दिवस एवढंच ऐकायला बसला होता. तो वळला. "घे कॉफी."

"गार झालीय."

"गारच पी. गरम प्यालास तेव्हा केवढा घोळ झाला."

प्यालो. त्याने शेजारच्या दोन दुकानदारांना साक्षीला बोलावलं आणि आम्ही टाक्यांच्या मधे उभं राहून फातिहा म्हटली. मास्तरांना म्हणावं, भाषण जपून ठेवा, अबू गस्सानला ते ऐकायचं आहे.

आता तुझ्या नकाशावरचा माझा ठिपका पुसून टाक. बिनतिकिटाचा प्रवासी आहे तो.

शुक्री


अम्मान, २० जुलै

श्री. शुक्री यांना सलाम.

ठिपका पुसत नाही. नकाशा नावाचा आहे, रक्ताचा नाही. आपल्या पणजोबांना नाव जसं मिळालं, तसंच ते अनेकांना मिळालं असणार; फरक इतकाच की बाकीचे सांगत नाहीत, किंवा त्यांना माहीत नाही. माझ्या पणजोबांबद्दल मला याहून जास्त काही सिद्ध करता येणार नाही.

सैफने अबू धाबीला नकार कळवला. फोनवर तो इतकं मोठ्याने बोलला की शेजारीण बघायला आली.

परवा अबू गस्सान माझ्या कार्यालयात आले होते. त्यांना सक्का आडनावाचा नकाशा हवा आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलाकडून येणार दमास्कसहून, झर्क्याहून, अलेक्झांड्रियाहून. माझ्याकडून येणार रास-अल-ऐनहून आणि रास-अल-ऐनहून. लोक काय म्हणतील?" मी डिरेक्टरी काढून बसले आहे. काम सोपं नाही. पाणी सगळ्याच बाजारांना लागत होतं.

लग्न गुरुवारी, ४ सप्टेंबरला आहे. इन्साफबाईंनाही आणा, आई म्हणते, त्या आमच्याकडेच उतरतील. मासा आणू नका. धक्क्यावर या वेळी मी येईन.

सूचना एकच आहे. आता कोणाकडे काही मागायचं राहिलेलं नाही. समोर येईल ते गरम आहे तोवर घ्या.

लमीस